उत्तरेकडची भिंत

बीड बायपासला एक चौदा मजली इमारत उभी राहत होती. तिच्या बाहेरच्या रंगाचं काम दाजी आणि मी करत होतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. ब्रश कसा धरायचा हे त्यांनीच मला शिकवलं. फुलंब्रीहून रोज एकाच मोटारसायकलवर आम्ही कामावर यायचो.

गच्चीवरून दोन दोरांना एक लांब फळी टांगतात, तिला आम्ही झुला म्हणतो. तिच्यावर उभं राहून रंग मारत हळूहळू खाली यायचं. कमरेला पट्टा असतो आणि त्याचा दोर गच्चीवर वेगळा बांधलेला असतो. त्या दिवशी हिवाळ्यातलं कोवळं ऊन होतं. रस्त्यावरचे हॉर्न वर येईपर्यंत मऊ होऊन जायचे. दाजी काहीतरी गुणगुणत होते. मी रोलर भिजवायला बादलीकडं वाकलो आणि फळीच पायाखालून गेली.

झुल्याचा दाजींच्या बाजूचा दोर वर गच्चीत निसटला होता. हे नंतर कळलं. तेव्हा एवढंच दिसलं, की बादली उलटी होऊन हवेत थांबल्यासारखी झाली आणि बदामी रंग आमच्या अंगावर सांडला. मग पट्ट्याचा हिसका बसला. दाजी माझ्याहून थोडे खाली जाऊन भिंतीवर खांद्यानं आदळले. तो आवाज मात्र मऊ नव्हता.

त्यानंतर सगळं शांत झालं. मी पट्ट्याला लटकून सावकाश गरगरत होतो. समोर ओली भिंत यायची, मग आभाळ, मग पुन्हा भिंत. भीती कशी ती वाटलीच नाही. आभाळाकडं तोंड झालं की खाली शहर पसरलेलं दिसायचं. पाण्याच्या टाक्या, गच्च्यांवर वाळत घातलेले कपडे, पार तिकडं धुरकट निळे डोंगर. एक विमान चिकलठाण्याकडं इतक्या हळू उतरत होतं, की त्याला कसली घाईच नसावी. एक घार आमच्या खालून गेली. घारीची पाठ मी जन्मात पहिल्यांदा पाहिली. तांबूस होती, उन्हात चमकत होती. वाटलं, असंच राहावं. पाय जड नव्हते, हात जड नव्हते.

"ए भाऊ, हलू नको!"

बाजूच्या बाल्कनीतून फरशीवाले ओरडत होते. एका लांब बांबूला त्यांनी सळईचा आकडा बांधला होता. तो माझ्या दोरापर्यंत पोचला.

"दाजींना आधी घ्या," मी म्हणालो.

"नाय, त्याला घ्या आधी," खालून दाजी म्हणाले. "मी हाये इथं निवांत."

फरशीवाल्यांनी दोघांचंही ऐकलं नाही. जो दोर जवळ होता, तो ओढला. आधी मी आत आलो. दाजींना ओढताना मीही हात लावला. माझे हात रंगानं निसटत होते, म्हणून एकानं मला मागून मिठी मारून धरलं होतं. दाजी बाल्कनीत आले आणि गार फरशीवर गाल टेकून पडून राहिले.

दवाखान्यात बहीण धावत आली. बाकड्यावर दोन बदामी माणसं बसलेली बघून तिला आधी हसू आलं. मग दाजींचा लोंबता हात दिसला आणि ती तिथंच खाली बसली.

खांद्याचं हाड सांधलं, पण हात डोक्याच्या वर जाईना. दाजींनी रंगकाम सोडलं. आता फुलंब्रीत त्यांचं पानाचं दुकान आहे. मी आतल्या भिंती रंगवतो. किती तरी दिवस अंथरुणावर पडलं की खाट हळूच गरगरायची.

मध्यंतरी एका संध्याकाळी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. त्या दिवसाबद्दल आम्ही कधी बोललो नव्हतो.

"किती शांत होतं ना दाजी, तिथं वर," मी म्हणालो.

दाजींनी पान पुसता पुसता वर पाहिलं.

"शांत? अरे, तू सारखा बोलत होतास की!"

"मी?"

"व्हय. माझे तर डोळे घट्ट मिटलेले. तू सांगत होतास, विमान चाललंय, कुणाची तरी लाल साडी वाळतीय, घार बघा दाजी घार. लई बोललास. दुखत होतं, पण म्हटलं, ह्याचं ऐकत राहू."

मला त्यातला एक शब्दही आठवत नाही.

"आणि घार कशी होती?" मी विचारलं.

"तूच म्हणालास, तांबूस होती," दाजी म्हणाले आणि पानाला चुना लावू लागले.