गाणं संपेचना

मी फार्मसी शिकलेली बाई. शेलूबाजारला आमचं मेडिकल आहे, दिवसभर काउंटरवर मीच असते. दृष्ट काढून द्या, अंगारा द्या म्हणणाऱ्यांना मी ओआरएसचं पाकीट देऊन घरी पाठवते. त्यामुळे हे लिहिताना मलाच थोडं ओशाळल्यासारखं होतंय... पण आम्ही चौघं आणि एक म्हातारी, पाच जणांनी अनुभवलेली गोष्ट आहे. माझ्या एकटीचा भास असता तर कधीच लिहिलं नसतं.

कॉलेजात असताना मी कीबोर्ड वाजवायचे. लग्नानंतर तो माळ्यावर गेला. गेल्या वर्षी साफसफाईत खाली काढला, आणि का कोण जाणे, परत वर ठेववेना. एकटीनं वाजवून कंटाळा आला तशी व्हॉट्सॲपवर स्टेटस टाकलं — "गाणं-बजावणं आवडणारी माणसं हवीत. हौशी बँड काढायचा आहे." पहिला फोन आला तो एका डीजेवाल्याचा, वरातीसाठी गाडी पाहिजे का म्हणून!

ढोलक वाजवायला माझे दीर प्रवीण तयार झाले. ते भजनी मंडळात वाजवतात. गिटारसाठी शिरपूरचे नीलेश भाऊ मिळाले. ते कृषी सहाय्यक आहेत. आमच्या दुकानात बीपीची गोळी घ्यायला आले, तेव्हा बोटांचे घट्टे पाहून मीच विचारलं होतं. राहिली गाणारी.

ती मला काउंटरसमोरच सापडली. एक बाई तापातलं लेकरू खांद्यावर टाकून औषधाला उभी होती आणि त्याला थोपटत हळूच काहीतरी गात होती. दुकानातली गर्दी एकदम शांत झाली. मी हातातली बाटली तशीच धरून ऐकत राहिले.

"हे गाणं कुठलं गं?" मी विचारलं.

"कुठलं नाई ताई, माह्यंच हाय. तिकडं ऊसतोडीवर असतो ना आमी, तई जोडलं."

तिचं नाव मंदा. किन्हीराजाजवळच्या वस्तीवरची. दिवाळीनंतर नवऱ्यासोबत ऊस तोडायला जायची, उन्हाळ्यात परत यायची. सात-आठ महिन्यांची मुलगी होती, तिला सगळे परी म्हणायचे. मी बँडचं सांगितलं तर आधी हसली. मग म्हणाली, "येतो मी. पन मायले संगं आनतो, लेकरू कोन पाहीन?"

झाला आमचा बँड! नवरात्रात शारदा मंडळाच्या स्टेजवर पहिला कार्यक्रम करायचा, असं ठरलं. त्यानंतर मंदा जाणार होती, म्हणून घाई होती.

घरी सराव केला की शेजारी तोंडं वाकडी करत. मग माझ्या मामेसासऱ्यांनी किन्हीराजाच्या अलीकडचं त्यांचं गोडाऊन दिलं. रस्त्यापासून थोडं आत, चहूकडे सोयाबीन. पत्र्याचं छप्पर, समोर एक शटर, मागे भिंत. सोयाबीन घरात यायला वेळ होता, म्हणून ते रिकामं होतं. कोपऱ्यात रिकाम्या पोत्यांचा बारदाना, वर एक पंखा, बस. बाहेर कडुलिंब होता. मंदाची आई, पार्वताबाई, त्याच्या फांदीला लुगड्याचा झोका बांधून परीला झोपवायची.

तीन-चार रविवार छान गेले.

तो रविवार श्रावणातला होता. जेवणं करून आम्ही गाडीनं आलो आणि दुपारी सुरू केलं. शटर अर्ध्यावर उघडं ठेवलं होतं. म्हणजे मला बसल्याजागी कडुलिंब, झोका आणि पार्वताबाईचे पाय दिसत होते. मंदाचंच गाणं बसवत होतो. ऊसतोडीहून घरी परतणाऱ्या बाईचं गाणं आहे ते. शेवटची ओळ झाली की ढोलक एकदम बंद आणि गाणं संपलं, असं ठरलं होतं.

शेवटची ओळ झाली... आणि प्रवीण भाऊजींचा हात थांबला नाही. त्यांनी पुन्हा मुखड्याचा ठेका धरला. मंदानंही मुखडा उचलला. मी हसले. चुकले असतील म्हणून मीही साथ दिली. पुन्हा शेवटची ओळ आली. पुन्हा तेच.

या खेपेला मी कीबोर्डवरून हात काढायचा ठरवला. हात निघेनात.

हे कसं सांगू? दुखत नव्हतं, कुणी धरलं नव्हतं. बोटं माझीच होती, सूरही बरोबर लागत होते. फक्त ती माझं ऐकत नव्हती. "थांबा" म्हणायला तोंड उघडलं तर आवाज फुटेना. मी मान वर करून भाऊजींकडे पाहिलं. ते माझ्याकडेच बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची भीती पाहून मला कळलं — त्यांचंही तेच झालंय.

नीलेश भाऊंनी डोळे गच्च मिटले होते. मंदा गात होती. स्वच्छ, सुरात. आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

गाणं संपायचं आणि सुरू व्हायचं. संपायचं आणि सुरू व्हायचं. किती वेळा, मोजलं नाही. ऊन शटरखालून आत आलं, सरकत सरकत भिंतीकडे गेलं. मधेच लक्षात आलं की पंखा बंद पडलाय. लाईट गेली होती. माझ्या कीबोर्डात सेल नसतात, तो अडॅप्टरवरच चालतो... तरी वाजत होता. त्या क्षणी मी मनातल्या मनात देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. मी! भाऊजींचे तळवे सुजून लाल झाले होते. गिटारच्या तारांवर रक्ताचे डाग दिसत होते.

बाहेर परी उठली. आधी कुरकुर, मग रडणं. पार्वताबाईचा आवाज आला — "अव मंदे, लेकरू भुकेलं व! ये ना!"

मंदाचं लुगडं छातीवर ओलं झालं होतं. तिचं लेकरू वीस पावलांवर रडत होतं आणि ती गात होती. मी आई आहे, मला कळतं ते काय असतं.

परीचं रडणं वाढत गेलं. शेवटी पार्वताबाई तिला काखेत घेऊन वाकून शटरखालून आत आली. मला वाटलं, सुटलो. आता ही ओरडेल, कुणाला तरी बोलावेल, आम्हाला हलवेल.

ती उभी राहिली. इकडे तिकडे पाहिलं.

"कुठी गेले व हे लोक?" ती स्वतःशीच बोलली. "गाडी तं इथंच उभी हाय."

ढोलक वाजत होता. मंदा गात होती. आणि म्हातारी माझा कीबोर्ड आणि भाऊजींचा ढोलक यांच्या मधून चालत गेली. तिचा पदर माझ्या मनगटाला घासून गेला. मला तो लागला! तिला मात्र काहीच कळलं नाही. कोपऱ्यातल्या बारदान्यापर्यंत जाऊन तिनं हाक मारली, "मंदे!" तिची लेक तिच्या पाठीमागे हातभर अंतरावर होती.

त्या वेळी मला वाटलं, आता हे असंच राहणार. लोक येतील, शोधतील, आमच्या मधून चालत जातील. सोयाबीनची पोती आणून इथे रचतील. आणि आम्ही वाजवत राहू.

म्हातारी शटरकडे परत निघाली. परी आता तिच्या खांद्यावर होती, तोंड मागे. आणि तिनं आईकडे पाहिलं.

पाहिलं म्हणजे पाहिलंच. रडणं थांबलं. नजर मंदावर रुतली आणि दोन्ही हात पुढे आले. म्हातारी वाकून बाहेर पडायला लागली, तशी परीनं अशी किंकाळी फोडली की अंगावर काटा आला. मंदाचा सूर फाटला. ओळीच्या मधेच. गाणं नाही राहिलं ते, नुसता ओरडा झाला — "माय!"

ढोलक थांबला. माझे हात मांडीवर पडले.

पार्वताबाईनं वळून पाहिलं आणि मट्कन खालीच बसली. "अरे बाप्पा... तुमी कुठून आले?"

मंदानं लेकरू ओढून घेतलं आणि तिथेच पाजायला बसली. बाहेर पडलो तर गुरं घरी परतत होती.

म्हातारीचं म्हणणं असं, की गाणं अर्ध्यावरच बंद पडलं आणि नंतर दुपारभर आतून आवाजच नव्हता. "मले वाटलं, तुमी निजले. आत पायलं तं कोनीच नाई." तिचे डोळे चांगले आहेत, कानही.

नीलेश भाऊ म्हणतात, पत्र्याखालचा उकाडा, बारदान्याला लागलेल्या किडीच्या औषधाचा वास, त्यानं भोवळ आली असेल सगळ्यांना. मी स्वतः औषधं विकते, मला हे पटायला आवडलं असतं. पण बाहेर बसलेल्या म्हातारीला कसली भोवळ? मामेसासऱ्यांना खोदून खोदून विचारलं. ते गोडाऊन त्यांनीच बांधलंय, आधी तिथे शेतच होतं. कुणी मेलेलं नाही, कुणाचा शाप नाही, काही नाही. यंदा तिथे सोयाबीन भरलं, हमाल गेले आणि आले. कुणाला काही झालं नाही.

बँड बंद करायचा असं मी ठरवूनच टाकलं होतं. मंदाच्या वस्तीवर सांगायला गेले तर ती उखडली.

"काहून? गानं माह्यं हाय, ताई. उसाच्या फडात, थंडीत कुडकुडत जोडलं मी. ते असं कोनाले देऊन टाकू का?"

"पण पुन्हा तसंच झालं तर?"

तिनं परीला मांडीवर ओढलं. "मले बी भेव लागते," म्हणाली. "पन मी गातो."

मग गोडाऊन सोडून, तिच्याच अंगणात, गावच्या बायापोरांच्या मधे बसून सराव केला. नवरात्रात संध्याकाळी स्टेजवर चढलो. पार्वताबाई परीला घेऊन पहिल्या रांगेत होती. आधीची गाणी कशी गेली मला आठवत नाही. शेवटी मंदाचं गाणं आलं. शेवटची ओळ जवळ यायला लागली तसं मी ढोलकाकडे बघितलं. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं.

ओळ संपली. ढोलक थांबला. मी बोटं उचलली, उचलली गेली.

आणि समोर एकदम शांत. मंडपातली सगळी माणसं आमच्या दिशेनं बघत होती, कुणी हलत नव्हतं. ती आम्हाला बघताहेत की आमच्या मागचा पडदा, मला कळेना.

मग टाळ्या वाजल्या. मी तिथेच स्टेजवर रडायला लागले. लोकांना वाटलं, आनंदानं रडतेय.

त्या दुपारी आम्ही कुठे होतो, हे मला आजही माहीत नाही.