वाघ आला की खाली वाकायचं

माणूस ज्या दिवशी ताठ उभा राहिला, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला. हे वाक्य मी बऱ्याच पुस्तकांत वेगवेगळ्या शब्दांत वाचलं आहे आणि कॉलेजातल्या मुलांना फळ्यावर लिहूनही दिलं आहे. त्यात चूक काही नाही. फक्त आमच्या चंद्रपूरकडे उन्हाळ्यात माणूस फारसा ताठ नसतो. आधी मोह पडतो, तो वाकून वेचावा लागतो. मग तेंदूपत्ता, तोही कमरेखालच्या झुडपांवरून तोडायचा. आणि वाकलेला माणूस मागून माणसासारखा दिसत नाही. बिनशिंगाच्या, मध्यम आकाराच्या एखाद्या जनावरासारखा दिसतो. हे मत वाघाचं आहे, पण आमच्याकडे ते विचारात घ्यावं लागतं.

माझी मुलगी तेव्हा तिसरीत होती. आम्ही भद्रावतीला राहायचो. टीव्हीवर एका अस्वलाच्या पिलाची कार्टून मालिका लागायची. पिलू गळ्यात लाल गमछा बांधायचं, हिंदीत बोलायचं आणि दर भागाच्या शेवटी एका ढेरपोट्या वाघाला चिखलात पाडायचं. मालिका चालली, तसा तिच्यावरून मोबाइलचा गेम आला. फुकट होता, आणि फुकट वस्तूची आमच्या घरात चौकशी होत नाही.

गेममध्ये ते पिलू जंगलातल्या वाटेनं पळत सुटायचं. वाटेत फळं, ती गोळा करायची. मधूनच ढोल वाजू लागायचा, म्हणजे वाघ येणार. वाघ समोरून झेप घ्यायचा. अंगठा काचेवरून खाली ओढला की पिलू वाकायचं, वाघ त्याच्या डोक्यावरून निघून जायचा आणि कोणीतरी ओरडायचं, ‘वाह दोस्त!’ यात मुलगी इतकी तरबेज झाली की ढोलाच्या पहिल्या ठोक्याला स्वतःच मान खाली घालायची. नंतर नंतर ढोल लागेना. मैदानातून चेंडू आला, ती वाकली. कुकरची शिट्टी झाली, ती वाकली. चंद्रपूरच्या बसनं हॉर्न दिला, ती स्टँडवर सर्वांदेखत गुडघ्यांत डोकं घालून बसली. आम्ही हसलो. बसमधलेही हसले.

परीक्षा संपली आणि आम्ही माझ्या सासुरवाडीला गेलो.

त्या गावाच्या तीन बाजूंना जंगल आहे आणि चौथ्या बाजूला धानाचे बांध, ज्यांतून जंगल येऊ शकतं. आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक बाई मोह वेचायला गेली आणि परतली नाही. लोकांना तिची टोपली सापडली. टोपली सांडली नव्हती. अर्धी भरलेली, झाडाखाली नीट ठेवल्यासारखी होती, आणि लोक सांगताना नेहमी तेवढंच सांगत. पुढचं कोणी विचारत नसे. त्यानंतर गावाच्या वेशीवर ‘वाघ आपला मित्र’ असा मोठा फलक लागला. त्यावर ओरखडे उठले तेव्हा गाव हादरलं. मग ते अस्वलाचे निघाले.

त्या वर्षापासून गावानं एक रीत पाडली होती. मोहाखाली घरातली एक व्यक्ती वेचणार आणि एक नुसती उभी राहणार. हातात काठी, तोंड जंगलाकडे.

“जवाई, तुमी काय करान?” सासूबाईंनी विचारलं. त्यांना मी मामी म्हणतो.

“वेचू लागतो, मामी.”

“नोको. तुमी उभे राहा. तुमच्यानं तेवढं होते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात मुलगी भाकर खात बसली होती. कावळ्यानं भाकरीवर झेप घातली आणि ती वाकली. मामी सूप घेऊन दारात उभ्या होत्या.

“हे काऊन वाकली व तू?”

“सवय हाय, आजी. वाघ आला की खाली वाकाचं. मंग तो वरून जाते.”

मामींना हसायला फार लागत नाही. एरवी माझं नुसतं चालणं बघूनही त्या हसतात. तेव्हा हसल्या नाहीत. सूप खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “दाखव.”

मुलीनं फोन दिला. मामींनी तो हातभर लांब धरला.

“हे काय, अस्वल?”

“हो. हीरो हाय तो.”

“हीरो! आपल्या गावात ज्यानं अस्वलाची हीरोगिरी पाह्यली, त्याले एकच डोळा उरला.”

“आजी, पाह्य, पाह्य, वाघ आला! बोट खाली कर!”

मामींनी बोट हलवलं नाही. वाघानं पिलाला उडवलं, पडदा लाल झाला. मुलीनं पुन्हा सुरू करून दिलं. मामींनी पुन्हा बोट हलवलं नाही.

“याले उभं नाई राहता येत?”

“नाई आजी. पळाच लागते. नाई तं वाकाच लागते.”

“मंग हे मरनच,” मामी म्हणाल्या आणि फोन माझ्या हातात दिला. फोन परत देण्याची ती पद्धत मला आवडली नाही. एखाद्याच्या घरी साप सोडून आलेल्या माणसाला त्याची पिशवी परत करावी, तशी होती.

बायकोनं गेम त्याच दुपारी स्वतःच्या फोनवरून काढून टाकला. वाकणं तसंच राहिलं. माझ्या फोनवर मात्र गेम होता. मुलं काय बघतात ते पालकांनी तपासत राहावं, असं मी एकदा पालकसभेत बोललो होतो. मी तपासत राहिलो. वाघ चुकवण्यात मी मुलीच्या पुढे गेलो होतो.

मुलीला घरीच ठेवू, असं मी सुचवून पाहिलं.

“कोनापाशी ठेवान?” मामी म्हणाल्या. “सकाळी गावात कुत्रं नाई राहत. अन् वाघ ढोरायच्या कोठ्यामागून जाते. माह्या डोळ्यासमोर राहीन ते बरं.”

मग शिकवणी सुरू झाली. मामी चुलीपाशी, विहिरीपाशी, मुलगी वेणी घालून घेत असताना, न सांगता जोरात टाळी वाजवत. “आला!”

मुलगी वाकायची. काठी हलकेच पाठीला लागायची.

“उभी! हात वर! मोठी हो. पाय नोको हालवू. पाठ नोको दाखवू. त्याच्याकडं पाह्य.”

“किती पॉइंट झाले, आजी?”

“घरी वापस आली का तेच पॉइंट.”

मुलगी हुशार होती. आठवड्याभरात ती टाळी ऐकून हात वर करून उभी राहू लागली. पण आधी वाकायची. गुडघे आपले आपण दुमडायचे, मग तिला आठवायचं, मग ती उठायची. मामी रोज म्हणत, “झालं, येऊन राह्यलं तिले.” वाकणं आणि उठणं यांच्या मधल्या वेळेबद्दल आम्ही कोणी काही बोलत नव्हतो. बायको रात्री अंगणातल्या वाघदेवाच्या दगडापुढे जरा जास्त वेळ थांबू लागली, एवढंच.

मामींची मोहाची झाडं गाडीवाटेच्या कडेला होती. खालचा पालापाचोळा त्यांनी आधीच जाळून ठेवला होता. काळ्या जमिनीवर पिवळी फुलं स्वच्छ दिसायची आणि सगळीकडे राखेचा आणि आंबूस गोड वास असायचा. त्या सकाळी मामी एका झाडाखाली उकिडव्या बसून वेचत होत्या. बायको शेजारणीबरोबर पलीकडच्या झाडांखाली गेली होती. मी काठी घेऊन उभा होतो. मुलगी माझ्या आणि मामींच्या मधे, एका मुळावर उभी राहून फुलं चोखत होती.

वानरं रोज वरच्या फांद्यांवर असत. त्या दिवशी नव्हती. ते माझ्या लक्षात आलं, पण मी त्याचा अर्थ लावला नाही. शांतता आहे, बरं वाटतंय, असा काहीसा विचार मी करत होतो. मामींचे हात मात्र फुलांवर थांबले होते. त्यांनी मान वर केली नव्हती. नुसत्या ऐकत होत्या.

वाघ गाडीवाटेवर आला, म्हणजे तो तिथे होताच, आणि आता दिसला. ढेरी नव्हती. घाई नव्हती. आमच्यापासून एखाद्या अंगणाइतका लांब असेल. तो आधी मामींकडे बघत होता, कारण त्या खाली होत्या. मामी उठू लागल्या. एवढ्या सावकाश उठताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, गुडघ्यांच्या दुखण्यामुळेसुद्धा नाही. त्या उठत गेल्या तशी वाघाची नजर त्यांच्यावरून सुटली आणि मुलीवर आली.

मी मुलीचे गुडघे पाहत होतो. ते दुमडायला लागले.

ओरडायला हवं होतं. त्याऐवजी काठीवर माझा उजवा अंगठा वरून खाली सरकला. पुन्हा सरकला. हे मी केलं नाही, ते झालं.

मुलगी अर्ध्यात थांबली. ना वाकलेली, ना उभी, खुर्चीवर बसल्यासारखी, खुर्चीशिवाय. वाघानं डोकं जरा खाली घेतलं. मग तिचे हात वर जाऊ लागले. आधी हात, मग पाठ, मग गुडघे. चोखलेलं फूल तोंडात तसंच होतं. ती टाचा उचलून, दोन्ही हात ताणून, होती त्याहून मोठी होऊन त्याच्याकडे बघत राहिली. मामी तिच्या मागे येऊन तशाच उभ्या राहिल्या. मग मलाही सुचलं.

वाघानं आम्हा तिघांना पाहिलं. भारावला वगैरे नाही. काहीतरी दुसरं आठवल्यासारखा वळला आणि गाडीवाटेनं चालत गेला.

बराच वेळ कोणी हात खाली केले नाहीत.

“ढोल नाई वाजला, बाबा,” मुलगी म्हणाली.

दुपारी वनरक्षक येऊन माग काढून गेला. मी जिथे उभा होतो तिथून चार पावलांवर, माझ्या पाठीमागे, गवत दबलेलं होतं. तिथे वाघ बसला होता, असं त्यानं सांगितलं. कधीपासून, ते त्यानं सांगितलं नाही. मी विचारलंही नाही. राखणीला मी होतो.

पेपरात बातमी आली की चिमुकलीनं वाघाला पिटाळलं. मग तालुक्याच्या गावी सत्कार ठरला. मंडप, बँडवाले, हार, आणि एक मोठे पाहुणे, ज्यांच्यासाठी कार्यक्रम भर उन्हापर्यंत थांबला. पाहुण्यांनी भाषणाची सुरुवात दमदार केली: “माणूस ज्या दिवशी ताठ उभा राहिला, त्या दिवशी संस्कृतीचा जन्म झाला.” टाळ्या पडल्या. भाषण त्यांना मीच लिहून दिलं होतं. आयोजकांनी मागितलं, आणि मला नाही म्हणता येत नाही.

टाळ्या पडताच मुलीचे खांदे ताठ झाले. ते फक्त मला आणि मामींना कळलं. बाकीच्यांना ती शिस्त वाटली.

“ये बेटा,” सूत्रसंचालक म्हणाला, “साहेबांच्या पाया पड.”

मुलगी पाहुण्यांपुढे गेली आणि उभी राहिली. पाय रोवून, त्यांच्या डोळ्यांत बघत. हात हळूहळू वर जाऊ लागले होते.

“वाक ना बेटा. वाक थोडी.”

ती वाकली नाही. सूत्रसंचालकानं तिच्या मानेमागे हात ठेवून पाहिला. मान हलली नाही. मंडपात कुजबुज झाली. मागून कोणीतरी म्हणालं, “पोट्टीले वळण नाई हो.” बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मामींकडे पाहिलं. मामी बायकांच्या बाजूला पहिल्याच ओळीत बसल्या होत्या. त्यांनी मुलीकडे पाहून मान हलवली: बरोबर.

मग असं ठरलं की पाया पडणं राहू द्या, पाहुण्यांनी शालच घालावी. मुलगी त्यांच्या कमरेएवढी होती, तेव्हा शाल घालायला पाहुण्यांना वाकणं भाग होतं. त्यांनी प्रयत्न केला. तेव्हा त्यांच्या सहायकानं पुढे येऊन सांगितलं की साहेबांच्या कमरेला पट्टा आहे, डॉक्टरांनी वाकायला मनाई केली आहे.

शेवटी शाल माइकच्या दांड्याला घातली आणि फोटो काढला.