पंचवीस सिगार आणि साखरखेर्डा

लोणारला निघालेल्या एका वाचकाने मला विचारलंय की उन्हाळ्यात विदर्भात सिगार न्यायचे असतील तर ते ताजे कसे ठेवावेत. मी आयुष्यात एक झुरकाही ओढलेला नाही. पण मागे कुठल्याशा लेखात 'मी एकदा बुलढाणा जिल्ह्यात सिगारची पेटी मांडीवर घेऊन गेले होते' असं लिहून बसले, आणि आता लोक मला त्यातली जाणकार समजायला लागले. तेव्हा जे घडलं ते सांगते. त्यातून काय घ्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, मला काही ते नीट कळलेलं नाही.

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली असतील. आमचं लग्न होऊन एक. वसंतला सहाव्या वर्षापासून साखरखेर्ड्याच्या मामांनी वाढवलं होतं. मामांनी चिखलीच्या एका घरी शब्द दिलेला, आणि हा पुण्यात माझ्याशी नोंदणी लग्न करून मोकळा झाला. वर्षभर मामांचं एक पत्र नाही. वसंत दाखवायचा नाही, पण पोस्टमन गेला की उगाच दारापाशी रेंगाळायचा. शेवटी एप्रिलमध्ये तो म्हणाला, "आपणच जाऊ." आणि मुंबईला ऑफिसच्या कामाला गेला तेव्हा फोर्टातल्या दुकानातून पंचवीस सिगारची लाकडी पेटी घेऊन आला. मामा मिलिटरीत असताना ब्रह्मदेशात कुणा साहेबाने त्यांना एक सिगार दिला होता. ती गोष्ट वसंतने लहानपणी शंभरदा ऐकलेली.

दुकानदाराने सूचनाही दिल्या होत्या, पण त्यातल्या निम्म्या वसंत वाटेत विसरला. राहिल्या त्या अशा: ओल हवी, पण ओलं नको. पेटीत स्पंजाचा तुकडा, पिळून घेतलेला. शेजारी कांदा, अत्तर, डांबरगोळ्या काही नको, कारण सिगार सगळे वास ओढून घेतात. मी विचारलं, "पिळून म्हणजे किती?" तो म्हणाला, "तू भाजी पिळतेस तेवढा." मी भाजी पिळत नाही.

कल्याणला गाडी बदलून सकाळी मलकापूरला उतरलो. तेव्हा उन्हाळ्यातल्या प्रवासात खिडकीबाहेर कॅनव्हासची पाण्याची पिशवी टांगायची पद्धत होती. मी पेटी ओल्या पंच्यात गुंडाळून त्या पिशवीच्या आडोशाला धरून बसले होते. समोर मलकापूरचेच एक कापसाचे व्यापारी होते. त्यांना राहवलं नाही.

"काय हाय त्यात?"

मी सांगितलं. त्यांनी पेटी उघडायला लावली, एक सिगार बोटाने दाबून पाहिला आणि मान हलवली. "हे लय ओलं झालं. बुरशी धरंन. बटाट्याची फोड ठेवा आत, स्पंज फेका."

"पण बटाट्यातही पाणीच असतं ना?"

"हो, पर ते हिशोबानं देते."

मलकापूर स्टेशनाबाहेर हातगाडीवर भजी खाल्ली, त्याच गाडीवाल्याकडून अर्धा बटाटा मागून घेतला. त्याने तो आधी भज्यांसाठी मीठ लावून ठेवला होता, हे नंतर लक्षात आलं. बटाटा गेला, स्पंज परत आत आला. तेवढ्यात एका सिगारवर पांढरी भुकटी दिसली. बुरशी म्हणावी तर पुसल्यावर गेली. वसंत म्हणाला, पुसली जाते ती चांगली, न जाणारी वाईट. की उलट? त्यालाही आठवेना.

मलकापूरहून बुलढाण्याची एसटी राजूर घाटाने वर चढते. सकाळची गाडी घ्या, घाटात तोवर तरी हवा बरी असते. कंडक्टरने पेटी पाहून ती टपावर टाकायला सांगितली. मी दोन्ही हातांनी धरून ठेवली.

"सोनं हाय काय बाई त्यात?"

"तंबाखू आहे."

तो वसंतकडे बघून म्हणाला, "काऊन हो, तुमची तंबाखू बाईच्या मांडीवर काऊन?" सगळी गाडी हसली. मला घाम फुटला, आणि आता घामाचा वास सिगारना लागेल ही नवीन काळजी सुरू झाली.

बुलढाण्यात स्टँडजवळ ज्वारीची भाकरी, झुणका आणि ठेचा असं जेवलो. ठेच्याचा हात पेटीला लागू नये म्हणून मी एकाच हाताने जेवले. चिखलीला गाडी बदलली. तिथून पुढचा रस्ता तेव्हा निम्मा कच्चा होता. धूळ दाताखाली येत होती आणि मी दर मैलाला पंच्यावर पाणी शिंपडत होते. साखरखेर्ड्याला उतरले तेव्हा लुगड्याचा पुढचा भाग मातीने लिंपल्यासारखा झाला होता.

मामा अंगणात बाजेवर बसले होते. वसंतने वाकून नमस्कार केला. मामांनी पाय मागे घेतले नाहीत, हातही पाठीवर ठेवला नाही. मला म्हणाले, "बसा." वसंतने पेटी पुढे केली तर म्हणाले, "ठेवा तिकडं." बस्स. रात्रीच्या जेवणातही भाजी घ्या, ताक घ्या, मामांचं सगळं बोलणं माझ्याशी. वसंत ताटात बघून जेवत होता. मला इतका राग आला की मी पोळी मागितलीच नाही.

सकाळी मी विहिरीवरून आले, शिडीने धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, चढले आणि जागीच थांबले. तिथे मामींचं वाळवण पडलं होतं. कुरडया, सांडगे, मिरच्या. आणि मिरच्यांच्या कडेला, जुन्या धोतरावर, हारीने मांडलेले पंचवीस सिगार.

"मामी, हे काय?"

"बाई, लय ओल धरली होती त्याले," मामी माझी समजूत घालत म्हणाल्या. "सोनेरी कागदाचे पट्टे बी म्या जपून काढून ठेवले. कडक वाळले की वर्षभर काही होत नाही."

त्यांचं काय चुकलं, मला सांगता येईना. त्या घरात जे जे टिकवायचं ते उन्हात पडायचं. हळद, डाळ, बियाणं, सगळं. ओलं म्हणजे नासलं. मी पुण्याहून इथवर ते ओलं ठेवायला जिवाचा आटापिटा केला होता, आणि त्यांनी तितक्याच मायेने ते वाचवलं होतं. मी एक उचलला. पान तडकून त्याचा चुरा हातात आला. वसंत शिडीवर उभा राहून बघत होता. मला रडू आलं.

मामा वर आले. त्यांनी एक सिगार घेतला, कानाशी नेऊन बोटांनी फिरवला. तो करकरला. मग शांतपणे तळहातावर कुस्करला, कमरेची चुन्याची डबी काढली आणि अंगठ्याने मळायला लागले. ब्रह्मदेशातली गोष्ट, फोर्टातलं दुकान, स्पंज, बटाटा, सगळं त्या तळहातावर मळलं जात होतं. त्यांनी चिमूट उचलून ओठाखाली ठेवली. आणि तळहात वसंतपुढे धरला.

"घे बे."

वसंतने मामांसमोर कधी सुपारीही खाल्ली नव्हती. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने घेतली. पाच मिनिटांत त्याला उचकी लागली, डोळे पाणावले, तो धाब्यावरच खाली बसला. मामा हसले की खोकले ते कळलं नाही, पण त्यांनी त्याची पाठ चोळली. मी मोजलं नाही, पण बराच वेळ चोळली.

निघताना मामांनी सिगारची पेटी माझ्या हातात दिली. आत काठोकाठ राख. "वांग्याचं बी हाय, आपल्या मळ्यातलं. राख काढजा नोका. ओल लागू देजा नोका."

परतीच्या गाडीत तीच पिशवी खिडकीत, तीच पेटी मांडीवर, आणि माझा हात सवयीने पाण्याकडे गेला. वसंतने मनगट धरलं म्हणून बरं.

पुण्याला बी कुंड्यांत टाकलं. आठ दिवस काहीच नाही. नवव्या दिवशी पोस्टमन आला. कार्डावर एकच ओळ: 'बी उगवलं काय?' खाली सही. वसंतने ते उलटसुलट करून पाहिलं. माफी, राग, खुशाली, काहीच नव्हतं. मग त्याने पत्ता वाचला आणि कार्ड माझ्यापुढे धरलं. नाव माझं होतं, वसंतच्या आडनावासकट.

"मग माझ्यावर अजून राग आहे की नाही?" तो म्हणाला.

मला खरंच माहीत नव्हतं. वसंत जाऊन सहा वर्षं झाली, आजही माहीत नाही. पेटीत आता बटणं असतात, आणि उघडली की तंबाखूचा वास येतो की राखेचा, हेही नक्की सांगता येत नाही. तेव्हा, लोणारला जाणाऱ्या वाचका, सिगारला ओल हवीच असेल. पण जिथे उतराल त्या घराला आधी विचारा.

कार्ड आलं त्या दिवशी आम्ही दोघं कुंडीपाशी गेलो. माती कोरडीच दिसत होती. उत्तर लांबवावं असं मी म्हणाले, पण वसंतने पेन उघडून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "लिही, उगवलं." मी लिहिलं. मग तीन दिवस आम्ही सकाळी उठून आधी कुंडी बघायचो. चौथ्या दिवशी उगवलं.