स्वातीसाठी केलेली ताकातली उकड

मागच्या थंडीतली एक रविवारची दुपार. अंबरनाथ पूर्वेचा आमचा वन बीएचके, बाल्कनीत दोरीवर वाळणारी दुपटी, आणि सगळं घर झोपेत असल्यासारखं शांत...

आमची मुलगी तेव्हा जेमतेम महिन्याची होती. वार कळत नव्हता, वेळ कळत नव्हती. ती झोपली की आम्ही झोपायचो, ती उठली की उठायचो, आणि मधले तास धुक्यात विरून जायचे.

पण माझी बायको, स्वाती, त्या धुक्यातून बाहेरच येत नव्हती. भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आधी बोलणं कमी झालं, मग खाणं...

घरात खायला नव्हतं असं अजिबात नाही. माझी आई डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मेथी, सगळं मायेने करत होती. उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये माझं मोबाइल रिपेअरिंगचं दुकान आहे, तिथल्या शेजारच्या सिंधी आंटींनी साईभाजीचा, म्हणजे पालक-डाळीच्या भाजीचा, डबा दिला, "बहू को खिला, ताकत आएगी." स्वातीने दोन घास खाल्ले आणि ताट बाजूला सरकवलं.

सगळे म्हणत होते, थकलीय, होईल नीट. मी पण तेच म्हणत होतो. पण आतून जाम घाबरलो होतो.

त्या रविवारी आई बदलापूरला मावशीकडे साखरपुड्याला गेली होती. मी स्वातीच्या उशाशी बसलो होतो. ती डोळे न उघडताच पुटपुटली, "उकड खावीशी वाटतेय... आंबट. आई करते तशी."

कितीतरी दिवसांनी तिने काहीतरी मागितलं होतं!

मला चहा आणि मॅगीच्या पुढे काही येत नाही. बाल्कनीत जाऊन सासूबाईंना फोन लावला. त्या वांगणीच्या पुढे गावात राहतात. सासऱ्यांचा पाय प्लास्टरमध्ये, त्यामुळे त्यांना लेकीकडे येता येत नव्हतं.

"बालंतिणीला आंबट ताक?" त्या एकदम ओरडल्या. मागे कोंबड्यांचा आवाज येत होता.

"करा," त्या हळूच म्हणाल्या. "स्वातीच्या वेलेला मी पन खाल्ली होती. सासूपासून लपवून." आणि लहान मुलीसारख्या खुदकन हसल्या. "तुमच्या आईला नका सांगू पन."

(आई, वाचत असशील तर सॉरी.)

तर कृती अशी. कढईत जरा सढळ हाताने तेल. मोहरी, हिंग, कढीपत्ता, हिरवी मिरची, आणि ठेचलेला लसूण भरपूर. लसूण लालसर झाला की हळद. वाटीभर तांदळाचं पीठ तीन वाट्या आंबट ताकात आधीच कालवून ठेवायचं, मीठ घालायचं, आणि ते फोडणीत ओतून ढवळत राहायचं. घट्ट झालं की झाकण ठेवून एक वाफ.

"आधी कालवा, हलूहलू," असं सासूबाईंनी बजावलं होतं. पण फोडणी तडतडली, लसणाचा वास घरभर पसरला, आणि मी गडबडीत ताक आधी ओतलं, मग वरून कोरडं पीठ टाकलं. झालं! कढईभर गुठळ्या. मी चमच्याने एकेक गुठळी दाबत बसलो, तर दाबू तेवढ्या जास्तच दिसायला लागल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला, "अरे, लाडू वळतोयस का?"

स्वाती दारात उभी होती. केस विस्कटलेले, शाल एका खांद्यावरून घसरलेली. लसणाच्या वासाने उठून आली होती.

तिने मला बाजूला केलं, गॅस बारीक केला, कढईत थोडं ताक ओतलं आणि रवीने घुसळायला लागली. खिडकीतून तिरपं ऊन येत होतं, त्यात वाफ वर चढत होती. बोललो तर ती परत जाऊन झोपेल, असं वाटत होतं.

मग आम्ही तिथेच फरशीवर बसलो. एकाच ताटलीत गरम उकड, वर कच्च्या तेलाची धार. ती खात होती... फुंकर मारत, बोटं चाटत.

अर्धी ताटली संपल्यावर ती म्हणाली, "बाळ रडतं ना, तेव्हा मला काहीच वाटत नाही रे. मी वाईट आई आहे का?"

मला पटकन "छे, वेडी का तू" म्हणायचं होतं. पण तिच्याकडे बघितलं आणि नाही म्हणवलं. "वाईट नाहीस. पण तुला त्रास होतोय हे मला दिसतंय. उद्या डॉक्टर मॅडमकडे जाऊ," मी म्हणालो. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून खूप रडली. आत मुलगी शांत झोपली होती, जणू तिनेच आम्हाला तेवढा वेळ दिला होता.

दुसऱ्या दिवशी गेलो. डॉक्टर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, बाळंतपणानंतर पुष्कळ जणींना असं होतं, हा आजार आहे आणि तो बरा होतो. औषधं, बोलणं, झोप... हळूहळू, बऱ्याच महिन्यांनी, माझी स्वाती मला परत मिळाली. उकडीने बरी झाली असं मी म्हणणार नाही. पण त्या दुपारी ती उठून बोलली, ते त्या वासामुळेच.

सध्या आमची लेक घरभर रांगते आणि दोघी मिळून मला दमवतात.

तुम्ही कुणाकडे बाळ बघायला जाल, तेव्हा झबली-टोपडी जरूर न्या. पण घटकाभर त्या आईजवळही बसा, आणि विचारा... तुला काय खावंसं वाटतंय गं?