आधी कोण जाणार

समुद्रपूरच्या कापूस बाजारात नत्थूजी तीस वर्षं मापारी होते. काट्यावर कापूस चढला की ओलाव्यासाठी वजनातून कडता कापायचा, ही त्यांची रोजी आणि हळूहळू स्वभावही. कोणी म्हणालं, जावई दहा हजार कमावतो, की हे मनातल्या मनात आठ धरायचे. मी पडलो विम्याचा एजंट, माझ्या बोलण्यातून तर निम्मं वजन जायचं. मला राग यायचा. पण त्यांचा आकडा बहुतेक वेळा बरोबर निघायचा, हेही खरं.

मापाऱ्याला पेन्शन नसते. १९९८ साली साठी गाठल्यावर नत्थूजींनी साठवलेले नव्वद हजार काढले आणि मला घरी बोलावलं. मी दोन योजना मांडल्या. एकीत ते असेपर्यंत महिन्याला साडेनऊशे, ते गेले की सगळं बंद. दुसरीत आठशे सत्तर, पण त्यांच्यामागे विमलाबाईंनाही तेवढेच, शेवटपर्यंत. एकदा सही झाली की बदल नाही, हेही बजावलं.

"पयली लिहून टाक, प्रफुल," नत्थूजी म्हणाले.

"अन् काकू?"

"ते तं माह्या पयले जाणार हाय. लगन झालं तवापासून सांगून राह्यली."

खोटं नव्हतं. हरतालिका असो, वटपौर्णिमा असो, नाहीतर साधं भांडण, विमलाबाईंचं एकच पालुपद असायचं, मी कुंकू लावूनच जाईन. साऱ्या जगाच्या बोलण्याला कडता लावणाऱ्या माणसाने बायकोचा हा एक शब्द मात्र भरल्या वजनाने घेतला होता. वरच्या ऐंशी रुपयांत महिन्याचा सुपारी-तंबाखूचा खर्रा सुटत होता, तो भाग वेगळा.

विमलाबाई चहाची कपबशी घेऊन दारातच थांबल्या. त्यांची पंचाईत बघा. दुसरी योजना मागावी, तर नवऱ्याचं मरण तोंडाने काढल्यासारखं. गप्प बसावं, तर उद्या पुलगावला लेकीच्या, रक्षाच्या सासरी जाऊन दोन घासांसाठी हात पसरायचा. माझं कमिशन दोन्हींकडे सारखंच होतं, त्यामुळे मला मजा वाटत होती. आज त्याची लाज वाटते.

त्यांनी चहा ठेवला. "मी पयले जाईन म्हणते ते देवाले. विम्याच्या कागदावर काऊन लिहू?"

"मंग देवाले खोटं सांगून राह्यली का इतके वर्षं?"

"खोटं नाई, मागणं हाय. देव माह्यं सगळंच ऐकते का? ऐकलं असतं तं तुमचा खर्रा कवाच सुटला असता."

मला हसू फुटलं. नत्थूजी हसले नाहीत. ते बायकोकडे बघत राहिले. आपल्यामागे ही एकटी उरू शकते, हे इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या डोक्यात शिरलं असावं. चहा निवला तरी कपाला हात लावला नाही.

"दुसरी लिहिजो," ते हळूच म्हणाले.

पुढचे दोन महिने खर्रा महाग झाल्याची तक्रार त्यांनी मला रस्त्यात गाठून गाठून ऐकवली. पहिली योजना घ्यायला हवी होती, असं मात्र एकदाही म्हणाले नाहीत.

२००३ च्या उन्हाळ्यात नत्थूजी गेले. पेन्शन विमलाबाईंना सुरू झाली, आणि दरवर्षी आपण जिवंत आहोत असा हयातीचा दाखला देणं आलं. पहिल्या वर्षी फॉर्म घेऊन मीच गेलो. मोकळं कपाळ पदराने झाकून त्या बसल्या होत्या. मी फॉर्म पुढे केला.

"लय रडले रे," त्याच म्हणाल्या. "देवासंग तं भांडूनच बसले."

मग पेन मागून घेतला, एकेक अक्षर दाबून सही केली आणि फॉर्म माझ्या हातात दिला.

"आता मले जायची काई घाई नाई. माह्या माणसाचे आठशे सत्तर कंपनीले सोडते का मी?"