तुडुमाखालचं पाणी

चामोर्शीकडच्या आमच्या गावात एक जुना तलाव आहे आणि गावाचं धान त्याच्यावरच पिकतं. तलावाच्या पाळीत, म्हणजे बांधात, दगडी तुडुम आहे. तिथून पाणी सोडतात. त्याला एकाखाली एक भोकं. वरच्याचं पाणी संपलं की खालच्याची खुंटी काढायची. माझे बाबा गावाचे पाणकर. कोणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, केव्हा पाणी जाईल, ते त्यांनी ठरवायचं. 'तळं राखी तो पाणी चाखी' म्हणत लोक त्यांना चिडवायचे, पण आमच्या बांधीची पाळी त्यांनी कायम शेवटी ठेवली. शेवटच्या भोकाच्याही खाली जे पाणी उरतं, त्याला कोणी हात लावायचा नाही. ते गुरांचं आणि मासोळ्यांचं.

मी रसायनशास्त्र शिकले. गावाजवळ तांदळापासून इंधन करणारा कारखाना आला, तेव्हा त्याच्या प्रयोगशाळेत लागले. पेट्रोलमध्ये मिसळायचं इंधन, धूर कमी. मला त्याचा अभिमानच होता. तलावात शिल्लक पाणी किती, ते मोजून द्या, असं तिथले मॅनेजर साहेब म्हणाले. दिवाळीनंतर मी डोंग्यात बसून मोजलं, थेट तळाच्या गाळापासून, शेवटच्या भोकाखालचं पाणीही धरून. धानाला पुरून उरतं ते शिल्लक, असं लिहून खाली सही ठोकली. पाणकराची पोर मी, आणि बाबांना साधं विचारलंसुद्धा नाही!

उन्हाळाभर कारखान्याचा पंप चालला. तलावाचा तळ उघडा पडला. पावसाचं पहिलं पाणी तो खड्डा भरण्यातच गेलं आणि पुढे पावसानं दडी मारली. धान निसवायला आलं, लोंब्या बाहेर पडू लागल्या, तेव्हा पाणी खालच्या भोकाच्याही हातभर खाली होतं. बाबांनी शेवटची खुंटी काढली, तर थेंब आला नाही.

"पोरी, ते पाणी शिल्लक नसते," बाबा म्हणाले. "त्याच्यावरच तर बाकीचं पाणी उभं राह्यते. तुले मालूम नव्हतं काय?"

मालूम होतं. लहानपणापासून मालूम होतं. म्हणून तर अंगाचा तिळपापड झाला, आधी स्वतःवर आणि मग त्या साहेबांवर.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरसमोर उभी राहिले. म्हटलं, माणसं खातात तो तांदूळ कशाला आंबवता? यंत्रानं कापलेल्या शेतात तणस, धानाचा पेंढा, पडून असते, लोक ती पेटवून देतात. तिचं इंधन होतं. आणि वापरलेलं पाणी शुद्ध करून पुन्हा घ्या, तलावाला हात लावू नका. हे मी पुस्तकात वाचलेलं नव्हतं, त्यांच्याच प्रयोगशाळेत करून पाहिलं होतं.

साहेब हसले. "मॅडम, तणसासाठी गावोगाव कोण फिरणार? तांदूळ दारात येतो. आणि पाण्याचं म्हणाल, तर रिपोर्ट तुमचाच आहे."

नाकाला मिरच्या झोंबल्यासारखी मी बाहेर आले. जंगलाच्या जिल्ह्यात पाणी फुकट आणि तांदूळ स्वस्त, हे यांनी येण्याआधीच ठरवून ठेवलेलं. आणि त्याला कागद मी पुरवला!

ग्रामसभेत कारखान्याच्या माणसानं तोच कागद तोंड वर करून वाचला. मी उठले. म्हटलं, सही माझी आहे आणि हिशेब चुकीचा आहे, तसं लिहून घ्या. पंप कायमचा बंद करा. सरपंचांनी लिहून घेतलं. टाळ्यासुद्धा वाजल्या, त्या मला नको होत्या.

मागे शेजारच्या बांधीवाल्या काकू उभ्या होत्या. घरात त्या एकट्या, आणि वर्षभराचा भात त्या एका बांधीतला. टाळ्या थांबल्यावर त्यांनी विचारलं, "बाई, खरं बोल्लीस, बरं केलंस. पण माह्या धानाले या आठवड्यात पाणी पायजे. ते कुठून आणशीन?"

मी बाबांकडे पाहिलं.

"नाई आणू शकत, काकू," मी म्हटलं.