देवीच्या भाताचं बी

आमच्या गावात सुतकातल्या घराची लावणी आधी होते. हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण मोडलेला मी तरी पाहिला नाही. गेल्या आषाढात सासूबाई गेल्या, तेव्हा आमचं भाताचं रोप ऐन लावणीला आलं होतं आणि दहाव्यापर्यंत आम्हाला शेतात पाय टाकता येत नव्हता. वेल्ह्याच्या डोंगरात पाऊस कुणाच्या दहाव्यासाठी थांबत नाही. आम्ही दारात बसलेलो आणि खाली खाचरांत सगळं गाव वाकलेलं. स्वतःचं रोप तसंच ठेवून माणसं आमचं लावत होती. पुण्याहून आलेली माझी बहीण म्हणाली, "यांना मजुरी किती द्यायची गं?" मी म्हटलं, "विचारून तर बघ, मग तुला काय मिळतंय ते कळेल." असलं गाव माझं आहे, हे मी कुठंही छाती पुढे काढून सांगते.

घोळ झाला तोही या मदतीतच. सासूबाई बांधाच्या कोपऱ्यात एक वेगळा वाफा टाकायच्या, जुन्या आंबेमोहोराचा. जुनं गाव धरणात गेलं तेव्हा लोकांनी पत्रे, दारं, चौकटी टेम्पोत भरल्या. सासूबाईंनी आधी हे बी उचललं. सुगी झाली की देवीला नव्या तांदळाचा पहिला नैवेद्य याच भाताचा, आणि तो मान आमच्या घराचा. बुडालेल्या शिवारातलं एवढंच काय ते जिवंत होतं. त्या वाफ्याला त्या कुणाला हात लावू देत नसत, मलासुद्धा नाही. शेजारणींनी दर साली बी मागावं आणि यांनी "औंदा कमी हाय" म्हणावं, हे ठरलेलं. बाई देवभोळी होती, दानशूर नव्हती.

घाईघाईत बायांनी तोही वाफा उपटला आणि आमच्या नेहमीच्या इंद्रायणी भाताच्या रोपात मिसळून सगळ्या खाचरांत लावून टाकला. घरात त्याचं मूठभरही बी शिल्लक नव्हतं.

कळलं ते भात निसवल्यावर, लोंब्या बाहेर पडल्यावर. इंद्रायणीच्या डोक्यावरून मधूनमधून आंबेमोहोराची उंच ताटं डुलायला लागली. मी बांधावर बसून रडले. राग तरी कुणावर काढणार? मालक म्हणाले, "जाऊ दे की. बाजारात मिळतूय आंबेमोहोर. किलोभर आणून ठिवू देवीम्होरं."

"मग आईबी बाजारातनंच आणा," मी म्हटलं. ते उठून गोठ्यात गेले. मला वाईट वाटलं, पण शब्द काही मी मागे घेतला नाही.

इंद्रायणी आधी पिकते, हा जुना भात मागाहून. कापणीला बाया आल्या तेव्हा मी सांगितलं, उंच ताटं सोडून कापा. हे म्हणजे छळच. विळा मुठीमुठीनं चालतो, ताटाताटानं नाही. ज्या शेजारणीनं त्या वाफ्याला पहिला हात घातला होता, तिला कारण कळलं तसा तिनं विळा खाली ठेवला. "अगं बया! म्हातारी असती तर माझी जीभ हासडली असती." मग तीच विळा घेऊन पुढे झाली आणि तिच्यामागे सगळ्या. एकेक ताट वगळत कापणी झाली. शेत असं दिसत होतं, जणू न्हावी अर्ध्यातच उठून गेलाय. राजगड बघायला आलेली पोरं थांबून त्याचे फोटो काढत होती. काढू देत, म्हटलं.

पाखरांपासून राखता राखता सगळं मिळून सूपभर भात निघाला. तो कांडून शिजवला तर बी संपतं, बी ठेवलं तर नैवेद्य चुकतो. देवळाच्या पायऱ्या चढेपर्यंत माझं ठरत नव्हतं. गाभाऱ्यासमोर मात्र मी सूप तसंच, टरफलासकट ठेवलं.

पुजारी म्हणाले, "सूनबाय, शिजवला न्हाई व्हय?"

"न्हाई. औंदा देवीनं नुसतं बघावं. पोटाचं पुढच्या साली."

मंडपातले म्हातारे आपसांत कुजबुजले. कुजबुजू देत. मी देवीला हात जोडले, सूप उचललं आणि देवळाच्या दारात बसून गावातल्या एकेका बाईला प्रसाद म्हणून मूठभर भात द्यायला लागले. खायला नाही, पेरायला. जे एकाच वाफ्यात असतं ते एका सकाळीत जातं. आता ते घराघरांत असेल. बुडालेलं शिवार मी माझ्या हातानं वाटत होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

शेवटी ती शेजारीण आली. पदरात मूठ पडली तशी तिनं तो गच्च धरला, आणि मग चाचरत म्हणाली, "म्हातारीला आवडंल का गं हे?"

"न्हाई आवडायचं," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू?

तिचा हात सैल झाला. मी तिच्या पदरात आणखी एक मूठ घातली.